खेकडा पावडर

आमच्या कारखान्याच्या आवारात एक विहीर होती. पाणी अगदी काचेसारखं. मालक हिरालालजी आल्यागेल्याला कौतुकानं लोटाभर पाणी पाजायचे आणि विचारायचे, "मीठा है ना?" गोड होतंच. मागून जिभेवर खिळा चोखल्यासारखी चव राहायची, पण पाहुणा त्याबद्दल कशाला बोलेल? तेच पाणी घागरीत रात्रभर राहिलं की तळाशी तांबूस-काळा गाळ बसलेला दिसायचा. बालाघाटच्या जमिनीत लोखंड आहे, मॅंगनीज आहे. त्या खाणींवर कितीतरी घरांच्या चुली पेटतात. तेव्हा पाण्यात ते उतरणारच.

कारखाना म्हणजे दोन खोल्या, एक पडवी आणि मागे शेगड्या. आम्ही तोंडाला लावायचा 'वैनगंगा स्नो' करायचो आणि टाचांच्या भेगांवरचं एक पांढरं मलम. मी नागपूरची. छप्पन साली वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा मी कॉलेजात होते. "आता शिकल्याशिवाय घरात पाऊल ठेवायचं नाही," असं ते हसत म्हणाले होते, पण ते खरंच होतं. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आणि बालाघाटच्या एका शाळामास्तरांशी लग्न झालं. तोवर नागपूर एका राज्यात गेलं होतं आणि बालाघाट दुसऱ्यात. माझं माहेर राज्याबाहेरचं झालं. इथं सगळे मला 'मास्तरीणबाई' म्हणत आणि हिरालालजी 'बहनजी'. शिकलेल्या बाईनं शाळेत शिकवावं, मलमं काय घोटायची, असं सासूबाईंचं मत होतं. पुढं त्याच स्नोची डबी त्यांच्या उशाशी असायची.

स्नो करणं म्हणजे तेल आणि पाणी यांचा संसार लावून देणं. एका पातेल्यात स्टीअरिक ॲसिड, म्हणजे मेणासारखा एक पदार्थ, वितळवायचा. दुसऱ्यात पाणी, थोडा खार आणि ग्लिसरीन तापवायचं. दोन्ही सारखं गरम झालं की एकात एक ओतायचं आणि थंड होईपर्यंत घोटत राहायचं. हात थांबला की संसार मोडला. सगळ्यात जास्त त्यात काय असतं? पाणी. बायका सुगंधाला आणि पांढऱ्या रंगाला भुलतात, पण तोंडाला फासतात मुख्यतः पाणीच. म्हणून पाणी वाईट तर सगळंच वाईट.

आमचा माल गावोगावच्या बाजारात नेणारी बाई होती देवका. परसवाड्याच्या रस्त्यावरच्या एका गावात राहायची. माझ्याहून वयानं मोठी, उंच, काटक. डोक्यावर टोपलं घेऊन ती परसवाडा, लांजी, खैरलांजी असे बाजार करायची. तिचा नवरा सुखराम खाणीत दगडाला भोकं पाडायच्या कामावर होता. आजारपणामुळं त्यानं काम सोडलं होतं, एवढंच मला ठाऊक होतं. देवका घरचं फार बोलत नसे.

एका उन्हाळ्यात ती भर दुपारी आली आणि टोपलं माझ्यापुढं पालथं केलं.

"बाई, हे पाहा. नेलं तवा दुधावानी पांढरं होतं. आता पाहा."

टाचांच्या मलमाच्या डब्या होत्या. झाकणं उघडली तर आतलं मलम जांभळं पडलेलं. कुठं फिकं, कुठं गडद.

"बजारात एक बाई म्हने, मुर्द्याच्या ओठावानी दिसते. मायाच आंगावर फेकली तिनं डब्बी."

हिरालालजींनी आधी डब्यांच्या पत्र्याला दोष दिला, मग उन्हाला, मग माझ्याकडं पाहिलं. "बहनजी, आपने कुछ नया डाला क्या?"

मी नवीन काही घातलं नव्हतं. जुनंच होतं ते विहिरीत. त्या मलमात सॅलिसिलिक ॲसिड असतं, त्यानं टाचेची जाड कातडी मऊ पडून सुटते. त्याला लोखंडाचा अंश भेटला की जांभळा रंग येतो. कॉलेजात आम्ही हाच रंग पाहून लोखंड ओळखायचो, आणि तो आला की आनंद व्हायचा. इथं तोच रंग बाजारात एका बाईच्या अंगावर भिरकावला गेला होता. उन्हाळ्यात विहीर खाली गेली, पाणी दाट झालं आणि लोखंड वाढलं. मग मला मागचंही सगळं उमगत गेलं. स्नोला काही महिन्यांनी येणारा पिवळटपणा, लहान मुलांसाठी तिळाचं तेल घालून करून पाहिलेल्या मलमाला आलेला खवट वास, सगळ्यामागं तोच चोर होता. लोखंड, तांबं, मॅंगनीज यांचा कणभर अंशही तेलाला लवकर नासवतो.

पाणी उकळून पाहिलं, निवळून पाहिलं, वाळूतून गाळून पाहिलं. फरक पडला, पण पुरा नाही. सगळंच पाणी वाफेचं करून घ्यायचं तर लाकूडफाट्यानंच कारखाना खाऊन टाकला असता. शेवटी मी माहेरी गेले तेव्हा माझ्या जुन्या प्राध्यापकांना भेटले. ते म्हणाले, "चिलेटिंग एजंट वापर." चिलेट हा शब्द ग्रीक भाषेतल्या खेकड्याच्या नांगीवरून आलाय, हेही त्यांनीच सांगितलं. धातूच्या कणाला चहूबाजूंनी नांग्यांत धरून ठेवणारा पदार्थ. कापडाच्या रंगकामाला लागतो म्हणून नागपुरात मिळायचा. त्यातला शुद्ध प्रकार मी मागवला. नाव लांबलचक, आखूड करून ई.डी.टी.ए. कारखान्यात त्याचं नाव पडलं खेकडा पावडर.

ती आली त्या दिवशी देवका माल घ्यायला आली होती. डबी तिच्याच अंगावर फेकली गेली होती, म्हणून मी तिलाच बसवून दाखवलं. काचेच्या पेल्यात विहिरीचं पाणी घेतलं, त्यात सॅलिसिलिक ॲसिड टाकलं. पाणी जांभळं झालं. मग चिमूटभर पावडर टाकून ढवळलं. रंग विरत विरत नाहीसा झाला.

"अगं माय! कुठी गेला?"

"गेला नाही, देवकाबाई. लोखंड अजून त्याच पाण्यात आहे. पण या पावडरीनं त्याला धरलंय. खेकडा नांगीत धरतो तसं. आता त्याला काही खोडी करता येत नाही."

"फक्त लोखंडालेच धरते?"

"नाही, तांब्याला धरते, मॅंगनीजला धरते. बऱ्याच धातूंना."

"मॅंगनीजले बी?"

"हो."

ती पेल्याकडं बराच वेळ पाहत राहिली. मग टोपलं भरून निघून गेली.

त्या पावडरीनं माल सुधारला. मलम पांढरं राहिलं, स्नोचा सुवास टिकला. हिरालालजी इतके खूश झाले की म्हणाले, "चुटकी से इतना फायदा, तो मुठ्ठीभर डालो!" त्यांना समजवायला मला आठवडा लागला. विहिरीतल्या पाण्यात लोखंड किती, तेवढ्यापुरताच खेकडा हवा. जास्त घातला तर धरायला धातू नाही, तो नुसताच पडून राहणार, आणि दाट झाला की कातडीला कोरडं करणार. मी माझ्याच हातावर लावून पाहिलं होतं. आमच्या प्रमाणात महिनाभर काही झालं नाही. चौपट दाट केला तेव्हा मनगटापाशी लाली आली. कोरडी पावडर डोळ्यात उडाली की चांगलंच झोंबायचं, म्हणून ती मोजताना मी घोटणाऱ्या बायकांना पदर नाकातोंडाला बांधायला लावायची आणि पाण्यात पुरी विरघळल्याशिवाय पुढं घेऊ द्यायची नाही.

आज कुठल्याही क्रीमच्या डबीवर बारीक अक्षरांत हे नाव असतं आणि लोक मला फोन करून विचारतात, "मावशी, हे विषारी आहे का हो?" मी सांगते, वरून लावण्यात आणि त्या इवल्याशा प्रमाणात नाही. कारण ते कातडीच्या आत जवळजवळ शिरतच नाही. त्याचा आकार, त्याची पाण्याची ओढ, या दोन्हींमुळं कातडी त्याला आत येऊ देत नाही. डबीतल्या मालाची राखण करायची आणि तोंड धुतलं की वाहून जायचं, एवढंच त्याचं काम. एक गोष्ट मात्र आता डाचते. ते वाहून गेलेलं लवकर कुजत नाही, पाण्यात फार काळ टिकतं, असं म्हणतात. आमची पातेली धुतलेलं पाणी नाल्याला जायचं आणि नाला नदीला. तेव्हा नाल्यापुढचा विचार आम्ही कोणीच केला नाही.

तर ही पावडर आत शिरत नाही, हे मी तेव्हा अभिमानानं सांगत होते. तेच ऐकून देवकाचा चेहरा एकदा पडला, तो असा.

पाऊस संपता संपता ती एक दिवस टोपलं न घेता आली. पडवीत बसली. म्हणाली, "बाई, मायं एक काम हाय. आमच्या घरच्याले मॅंगनीज लागलं. आंगात. डाक्टर म्हनते, धूळ खाऊन खाऊन डोक्यात गेलं. थो आता पंज्यावर चालते, कोंबड्यावानी. मागं सरकाले लावलं त पडते. तोंड त लाकडाचं झालं. हा स्नो त्याच्या आंगाले चोळला त निंघन का थो मॅंगनीज?"

मी सांगितलं, नाही निघणार. कातडीतून आत जात नाही.

"म्हंजे हे कोनाचं वाईट करत नाही, म्हनूनच याच्यानं कोनाचं भलं बी होत नाही?"

तिनं बरोबर तेच म्हटलं होतं.

"मंग पावडरच द्या थोडी. आमच्या गावात सुईवाला हाय. थो म्हनते, पान्यात खलून शिरेत टोचतो."

मी घाबरले. धातूची विषबाधा झालेल्यांना असलंच काहीतरी शिरेतून देतात, एवढं मी ऐकून होते. पण काय, कसं, किती, हे ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "देवकाबाई, मी डॉक्टरांना विचारते. तोवर काही करू नका. मला दोन दिवस द्या." ती 'हौ' म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात जाऊन थांबले. तिथले मोठे डॉक्टर मराठी होते, मूळचे अमरावतीकडचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि खुर्चीतून उठलेच. "बाई, तुमच्याकडची पावडर सोडियमची. ती शिरेत गेली की रक्तातला कॅल्शियम पकडते. हृदय बंद पडेल, तिथल्या तिथं. इंजेक्शन असतं, पण त्यात कॅल्शियम आधीच जोडलेलं असतं, आणि थेंबाथेंबानं, रोज लघवी तपासून देतात. नागपूरला सोय होईल. मॅंगनीजच्या रोग्यांना काही ठिकाणी देऊन पाहिलंय. काहींना बरं वाटलं, बऱ्याच जणांना नाही. पाठवा त्याला, पण आशा फार देऊ नका."

मी तडक कारखान्यात आले. पावडरीच्या पिंपाचं झाकण तिरकं होतं, वरचा कागद फाटलेला. हिरालालजी म्हणाले, "देवका आई थी सुबह. बोली, बहनजी ने मंगाया है. मैंने दे दिया पुड़िया बाँधके."

परसवाड्याकडं जाणारी बस सुटायच्या बेतात होती. मी हातातली पिशवी तशीच घेऊन चढले. वाटेत बस दोनदा थांबली, एकदा पाण्यासाठी, एकदा कोणाच्या शेळ्या चढवायला. प्रत्येक थांब्याला मला ड्रायव्हरला ओरडावंसं वाटत होतं. डॉक्टरांचे शब्द कानात होते: तिथल्या तिथं.

देवकाचं घर गावाच्या टोकाला होतं. अंगणात बाजेवर सुखराम बसला होता. मी त्याला पहिल्यांदाच पाहत होते. मोठ्या हाडापेराचा माणूस, पण चेहऱ्यावरची एक रेघ हलत नव्हती. पापण्यासुद्धा क्वचित लवत होत्या. शेजारी स्टोव्हवर पाण्यात सुई उकळत होती आणि सुईवाला माणूस त्याच्या दंडाला रबराची नळी बांधत होता.

"थांबा!" मी फाटकातूनच ओरडले.

सुईवाला दचकला. देवका मात्र उभी राहिली आणि माझ्या वाटेत आली. "काहून आल्या तुमी? दोन दिवस म्हनलं व्हतं न? दोन दिवसांत काय सांगनार व्हत्या? नाहीच म्हननार व्हत्या."

"देवकाबाई, यानं ते मरतील."

"तुमीच म्हनलं न, मॅंगनीजले धरते! मायासमोर धरून दाखोलं. मंग माया मानसाचाच काहून नाही धरत?"

तिचा आवाज चढला होता. शेजारच्या बायका कुडापाशी जमल्या. मला कळलं की कॅल्शियम, रक्त, हृदय असं काहीही बोलून उपयोग नाही. मी तिला आधी डोळ्यांना दाखवलं होतं, आताही डोळ्यांनाच दाखवायला हवं होतं.

"मला दोन पेले पाणी द्या. पानाच्या डब्यातला चुना द्या. आणि साबणाची वडी."

ती हलली नाही. शेजारच्या एका म्हातारीनं आणून दिलं. मी दोन्ही पेल्यांत बोटभर चुना कालवून पाणी निवळू दिलं, वरचं पाणी वेगळं केलं. एका पेल्यात साबण घोळवला. फेस आला नाही, नुसती पांढरी कवचं तरंगायला लागली. चुन्याच्या पाण्यात असंच होतं, ते बायकांना ठाऊक होतं. दुसऱ्या पेल्यात मी देवकाच्या पुडीतली पावडर टाकली, ढवळली आणि मग साबण घोळवला. पेला फेसानं भरून वाहायला लागला.

"चुना कुठं गेला, सांगा?"

म्हातारी म्हणाली, "धरला असन तिनं."

"चुन्यालाही धरते ही. जो समोर येईल त्याला धरते. आणि माणसाच्या रक्तात चुना असतो, देवकाबाई, तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्या. त्याच्या जोरावर काळीज चालतं. ही शिरेत गेली की आधी त्यालाच धरेल. हिला मॅंगनीज सापडेपर्यंत काळीज बंद पडेल."

सुईवाल्यानं नळी सोडली. मग बाजेवरून अगदी बारीक, सपाट आवाज आला. त्या मोठ्या देहातून तो आवाज येईल असं वाटलंच नसतं.

"देवका, मले मराचं नाही."

देवका खाली बसली. पुडी पुन्हा नीट बांधून तिनं माझ्या हातात दिली.

मी त्यांच्यासोबत नागपूरला गेले. आधी छोट्या रेल्वेनं गोंदिया, तिथून मोठ्या गाडीनं. सुखरामला डब्यात चढवायला दोन माणसं लागली. त्याचे पाय पायरीवर टेकायचेच नाहीत. नागपूरला इंजेक्शन सुरू झालं. बाटलीतून थेंब थेंब. देवका त्या बाटलीकडं बघत बसायची, त्याच्या तोंडाकडं बघायची, पुन्हा बाटलीकडं. काही दिवसांनी तिथले डॉक्टर उत्साहानं सांगायला आले की लघवीतून मॅंगनीज भरपूर बाहेर पडतंय. मी तिला समजावून सांगितलं. तिनं माझा हात दाबून धरला.

पण सुखराम तसाच होता. हातांचा ताठरपणा थोडा उतरला, शर्टाची गुंडी तो स्वतः लावायला लागला. चाल तीच, चेहरा तोच. निघायच्या दिवशी देवकानं डॉक्टरांना थेट विचारलं.

"निंघाला न साहेब, थो मॅंगनीज?"

"निघाला, बराचसा."

"मंग हा काहून नाही आला वापस?"

"बाई, तो जागा सोडून गेला. पण जाण्याआधी जागा खराब करून गेला."

आम्ही परतीच्या गाडीत बसलो. माझ्या हुशारीनं एक मलम पांढरं राहिलं होतं आणि एका माणसाचा जीव राहिला होता. त्यापुढं त्या हुशारीचा शिरकाव नव्हता, हे मी खिडकीबाहेर पाहत स्वतःला सांगत होते. ते पटायला फार वर्षं गेली.

देवका पुन्हा बाजार करायला लागली. त्यानंतर माझी-तिची मैत्री झाली, कधीमधी मी तिच्या गावी जाऊ लागले. एका हिवाळ्यात सकाळी पोचले तर अंगणात उन्हात सुखराम बाजेवर बसला होता आणि देवका त्याच्या तोंडाला स्नो लावत होती. गालांवर, कपाळावर, कानांच्या मागं, सावकाश.

मला पाहून ती थोडी लाजली. "औषध म्हनून नाही हो, बाई. थंडीनं तोंड फुटलं त्याचं. त्याले लावता येत नाही न."

तेवढ्यात सुखराम हसला. एकदम, तोंड फाकवून. त्या आजारात माणूस कारण नसताना हसतो किंवा रडतो, हे डॉक्टरांनी मला सांगून ठेवलं होतं. मी मान खाली घातली.

देवकानं ते पाहिलं. "हे बिमारीचं हासनं नोहे, बाई," ती म्हणाली. "थंडगार लागलं म्हनून हासला थो." आणि तिनं डबीतून आणखी थोडं बोटावर घेतलं.